‘केस टाक’ म्हणजे नेमकी कुठली? फोर नाईन्टी एट आणि डीव्ही

आमची भांडुपची एसआरए बिल्डिंग, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातली, लांबलचक पॅसेज, भिंती अशा की शेजारच्याचा कुकर आपल्या घरात वाजतो. चौथ्या मजल्यावर रात्री अकरानंतर मारहाणीचा आवाज सुरू झाला की पॅसेजमधल्या टीव्हींचे आवाज वाढायचे, एवढीच आमची मदत. मग गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या घरातली वहिनी आली, केस मोकळे सोडलेले, वाण घ्यायला वाकली तेव्हा कानामागचं काळंनिळं दिसलं. आम्ही चारपाच जणींनी तिला जिन्यात गाठलं आणि सांगून टाकलं, फोर नाईन्टी एट टाक नवऱ्यावर, एका रात्रीत सरळ होतो की नाही बघ. ती हो हो म्हणाली, तिळगूळ घेऊन वर गेली आणि पुढे तीन महिने आमच्याशी बोललीच नाही, लिफ्टमध्ये भेटली तरी मोबाईलमध्ये बघायची.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. आपण एवढं सांगतोय आणि हिलाच काही करायचं नाही, असं वाटलं. एप्रिलमध्ये कधीतरी भाजी घेताना तीच म्हणाली, "ताई, तुम्ही सगळ्या त्याला आत टाक म्हणालात. मला तो आत नकोय, मला मार नकोय. तो आत गेला तर रिक्षाचा हप्ता कोण भरणार, आणि खोली सासूच्या नावावर, दुसऱ्या दिवशी मला पोरांसकट खाली बसवतील." मी तिथेच गप्प झाले, कारण आम्ही तिला ‘केस’ म्हणून जे सांगत होतो ते एक होतं आणि तिला जे हवं होतं ते सगळं भलत्याच कायद्यात होतं.

आता फोर नाईन्टी एट आणि डीव्ही या दोन्हींत गोंधळ होतो त्यात आपला फार दोष नाही. मार तोच, नवरा तोच, पोलीस स्टेशन तेच, आणि आपल्याकडे दोन्हीला ‘केस टाकली’ असंच म्हणतात. पण आतून ही दोन वेगळी यंत्रं आहेत.

फोर नाईन्टी एट, म्हणजे ४९८अ, हे कलम १९८३ मध्ये आयपीसीत, म्हणजे भारतीय दंड संहितेत आलं, हुंड्यासाठी बायका जाळल्या जात होत्या आणि त्याविरुद्ध मोर्चे निघत होते तो काळ. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि हे कलम ८५ आणि ८६ मध्ये गेलं, पण नंबर बदलला तरी लोकांच्या तोंडात ४९८ च आहे आणि बहुतेक राहणारच. हे गुन्ह्याचं कलम आहे. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी बायकोचा छळ केला, म्हणजे तिच्या जिवाला, शरीराला, मनाला गंभीर धोका होईल असं वागले किंवा पैशासाठी पिळलं, तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. एफआयआर होते, पोलीस तपास करतात, केस सरकार चालवतं, बायको फिर्यादी असते.

यात तिला मिळतं काय? नवऱ्याला शिक्षा, झालीच तर, आणि तीही काही वर्षांनी. खर्चाला पैसे मिळत नाहीत, घरात राहायची ऑर्डर मिळत नाही, पोरांचा ताबा मिळत नाही. हे कुणी सांगतच नाही हो! लोकांना वाटतं ४९८ टाकली की सगळंच सुटतं. आणि एकदा टाकली की ‘झालं आमचं मिटलं, मागे घेते’ असं पोलीस स्टेशनला जाऊन म्हणता येत नाही, दोघांची तडजोड झाली तरी ती रद्द करून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. ‘एका रात्रीत उचलतात’ हेही जुनं झालं, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, अटकेची गरज नसेल तर आधी नोटीस द्यायची. म्हणजे आम्ही जिन्यात जी धमकी तिच्या हातात देत होतो ती तशी चालतच नाही.

म्हणून ४९८ फालतू आहे असं मुळीच नाही. जिवावर बेतलंय, जाळायची भाषा चाललीय, माहेरून पैसे आण म्हणून उपाशी ठेवलंय, तिथे गुन्हाच नोंदवायचा, त्याला पर्याय नाही. त्यासाठी ती ज्या घरातून निघाली त्याच हद्दीत परत जायची गरज नाही, माहेरी साताऱ्याला गेली असेल तर तिथेही तक्रार करता येते, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय.

डीव्ही म्हणजे घरगुती हिंसाचार कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. हा नवऱ्याला शिक्षा द्यायला बनवलेलाच नाही, हा तिला सावरायला बनवलाय. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा आणि आपल्याला काय हवंय ते मागायचं. मार थांबवायची ऑर्डर, घरात राहू द्यायची ऑर्डर, महिन्याचा खर्च, दवाखान्याचं बिल, पोरांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई, अडकवून ठेवलेले दागिने परत. यातलं एक मागा नाहीतर सगळं मागा. आणि मार म्हणजे फक्त मार नाही, शिव्या, टोमणे, पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, बळजबरी, हे सगळं त्यात हिंसा म्हणून लिहिलेलं आहे. आमच्यातल्या एक काकू हे ऐकून म्हणाल्या, मग तर माझी चाळीस वर्षं केस चालू आहे. हसलो आम्ही, पण त्या हसत नव्हत्या.

दुसरा मोठा फरक, हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. एका छताखाली राहणारी किंवा कधी राहिलेली बहीण, आई, विधवा सून, लग्नासारखं नातं असलेली लिव्ह-इनमधली बाई, सगळ्यांसाठी आहे. भावाने मारलं तर बहीण ४९८ टाकू शकत नाही, डीव्ही टाकू शकते. पोराने आईला घराबाहेर काढलं तर आई टाकू शकते, आणि मुंबईत घराच्या भावापायी हे किती होतं ते सांगायला नको. तक्रारही फक्त पुरुषावरच करायला हवी असं राहिलं नाही, कायद्यातला तो ‘प्रौढ पुरुष’ शब्द २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने काढून टाकला.

आता खोली. आमच्या वहिनीची सगळी भीती खोलीभोवतीच होती आणि ती खरीच होती, कारण आधी कोर्टांचा अर्थ असा होता की घर सासूसासऱ्यांच्या मालकीचं असेल तर सुनेला त्यात राहायचा हक्क मागता येत नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जुना निकाल बदलला, नवराबायको म्हणून जिथे राहात होतात ते घर सासूच्या नावावर असलं तरी ते तिचं राहतं घर धरता येतं. घर तिच्या नावावर होत नाही बरं का, हे नीट समजून घ्या, ती मालकीण होत नाही, तिला कोर्टाच्या ऑर्डरशिवाय हाकलता येत नाही एवढंच. म्हाताऱ्या सासूसासऱ्यांची बाजूही कोर्ट बघतं, आणि तिथे जमणारच नसेल तर नवऱ्याने दुसरीकडे तशाच प्रकारची सोय करून द्यायची किंवा भाडं भरायचं, असंही सांगू शकतं. पण ‘दुसऱ्या दिवशी खाली बसवतील’ ही जी धमकी असते तिचा दात पडतो.

मग डीव्हीत नवऱ्याला काहीच होत नाही का? होतं, पण नंतर. कोर्टाने प्रोटेक्शन ऑर्डर, म्हणजे मार थांबवायची ऑर्डर दिली आणि त्याने ती मोडली, परत हात उचलला, तर तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पोलीस थेट हस्तक्षेप करू शकतात. ‘आधी सांगून बघू, ऐकलं नाही तर बघू’ असं आपल्या बायका म्हणतात ना, तेच कायद्यात आहे, फक्त सांगणारं कोर्ट आहे, म्हणून वजन आहे.

वेळेचं मात्र खरं ते सांगते. कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा, पण कुर्ला नाहीतर अंधेरीच्या कोर्टात जाऊन तिथली गर्दी बघा म्हणजे कळेल. म्हणून अर्जातच अंतरिम, म्हणजे निकालाआधीची तात्पुरती ऑर्डर मागायची, ती मिळाली की निकाल लांबला तरी ढाल हातात असते.

आणि आता जो मुद्दा आमच्यासारख्या शेजाऱ्यांना माहीत असायलाच हवा तो. ४९८ ची तक्रार शेजाऱ्याला देता येत नाही, ती तिने स्वतः नाहीतर तिच्या नात्यातल्या माणसानेच द्यायची. म्हणजे आम्ही कितीही तळतळलो तरी आमच्या हातात काही नाही. डीव्हीत मात्र कलम ४ आहे, हिंसा होतेय किंवा होणार असं ज्याला वाटतं तो कोणीही, शेजारी, शिक्षक, वॉचमनसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर केस होत नाही. ‘दुसऱ्याच्या घरात नाक खुपसलं तर आपल्यावरच उलटेल’ म्हणून आम्ही टीव्ही मोठा करत होतो, आणि त्याचं उत्तर सगळा वेळ कायद्यात लिहिलेलं होतं. अर्थात तिला न विचारता कळवू नका, जीव धोक्यात नसेल तर. घरी कोणी चौकशीला येऊन गेल्यावर दार बंद झालं की आत तीच असते. पण मारहाण चालूच असेल तर विचारत बसायचं नाही, ११२ फिरवायचा, मुंबईत बायकांसाठी १०३ पण आहे, सल्ल्यासाठी १८१.

या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा घोळ आहे, एनसी. वहिनी मागे एकदा पोलीस स्टेशनला तक्रार करायला गेली होती तेव्हा तिला एनसीचा कागद देऊन घरी पाठवलं, तिला वाटलं केस झाली. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस त्यावर तपाससुद्धा करत नाहीत. फाडू नका मात्र. अशा दोनतीन एनसी पुढे डीव्हीत कामाला येतात, तारखा सिद्ध होतात. तसंच दवाखान्याचा कागद, ‘पायरीवरून पडले’ असं सांगायचं नाही, कोणी मारलं ते डॉक्टरला सांगायचं, तो लिहितो. आपल्याकडे वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २०००-०१ च्या सुमारास महापालिका आणि सेहत संस्थेने ‘दिलासा’ सुरू केलं, हॉस्पिटलमध्येच अशा बायकांसाठी समुपदेशन, देशातलं तसलं पहिलं केंद्र, नंतर ते पालिकेच्या बाकीच्या हॉस्पिटलांत पण गेलं. नवऱ्याला सांगायला सोपं पडतं, पोट दुखतंय, दवाखान्यात जाऊन येते. आणि टीसचा, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा स्पेशल सेल १९८४ पासून पोलिसांच्या आवारातच बसतो, तिथे सोशल वर्कर असतात, खाकीसमोर गांगरलेल्या बाईला त्यांच्याशी बोलता येतं. वकिलाचे पैसे नाहीत हे कारण नको, बाईला पगार कितीही असला तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो.

दोन्ही एकत्र टाकता येतात का, हो येतात, डीव्हीची तक्रार घेऊन गेल्यावर तुला ४९८ चा पण हक्क आहे हे पोलिसांनीच तिला सांगायचं असतं. पण मला वाटतं दोन्ही एकदम टाकायचा आग्रह शेजाऱ्यांनी करू नये. आधी विचारायचं, तुला काय हवंय? घर, खर्च, मार बंद, सुटका, का शिक्षा? तिचं उत्तर ऐकलं की कुठलं दार वाजवायचं ते आपोआप कळतं, आणि उत्तर चार महिन्यांनी बदललं तर बदलू दे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ ची, मार खाल्लेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडे मदत मागितली होती. जी मागते तिला आपण पहिल्याच वाक्यात नवऱ्याला जेलमध्ये घालायला सांगितलं तर ती परत कशाला येईल.

आणि ‘महिला मंडळात बसवून मिटवून टाकू’ वाल्यांसाठी एक, नवऱ्याला समोर बसवून तिला सगळ्यांसमोर बोलायला लावणं ही मदत नाही. आमच्याकडे एकदा झालंय, त्याने सगळ्यांसमोर हात जोडले आणि रात्री दुप्पट मारलं.

वहिनीने शेवटी डीव्ही टाकली. संरक्षण अधिकाऱ्याने तिच्याकडून सगळं ऐकून डीआयआर भरला, म्हणजे काय काय झालं त्याचा रिपोर्ट, आम्ही दोघी तिच्याबरोबर बाहेर बाकड्यावर बसलो होतो, तिच्या धाकट्याला बिस्किटं देत. अंतरिम ऑर्डर यायला अडीच महिने गेले, त्यात दोन तारखा तर नवरा आलाच नाही. मार थांबलाय, शिव्या थांबलेल्या नाहीत, सासू तिच्याशी बोलत नाही, पण ती खोलीत आहे आणि पोरं त्याच शाळेत आहेत. ऑर्डरची कॉपी कोर्ट फुकट देतं, एक तिला आणि एक तिथल्या पोलीस स्टेशनला जाते. तिने तिच्या कॉपीच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक माझ्याकडे कपाटात साड्यांखाली आहे, कारण तिची ओरिजिनल कोणी फाडली तर रात्री अकरा वाजता ती पहिली माझं दार वाजवणार, आणि आता अकरानंतर माझा टीव्ही बंद असतो.