पायाचं माप सकाळीच द्या
स्पायडर व्हेन्स आणि व्हेरिकोज व्हेन्ससाठी स्टॉकिंग घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘स्टॉकिंग, क्लास २’ (स्टॉकिंग म्हणजे पायाला दाब देणारा घट्ट मोजा, क्लास म्हणजे त्या दाबाची पायरी) असं लिहून दिलं की मिरजेत आलेला पेशंट दवाखान्यातून उठून सरळ आमच्याकडे येतो. जत, पंढरपूर, बेळगाव अशा गावांहून पहाटेची एसटी किंवा पॅसेंजर धरून तो निघालेला असतो. दुपारभर ओपीडीत नंबर लागेपर्यंत बाकावर पाय खाली सोडून बसलेला असतो. संध्याकाळी काउंटरशी येऊन म्हणतो, “मोजे द्या लवकर, परतीची गाडी आहे.” अशा वेळी आम्ही माप घ्यायला कां-कूं का करतो, हे गर्दीत प्रत्येकाला नीट सांगणं होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे.

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळली की शीर दाबली जाते आणि रक्त वर सरकतं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरेत झडपा असतात. झडपा सैल पडल्या की रक्त खालीच साठतं आणि शिरांवर ताण येतो. कातडीतल्या अगदी बारीक, १ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीच्या लाल-निळ्या रेषा म्हणजे स्पायडर व्हेन्स. ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड, हाताला लागणाऱ्या, वळणावळणाच्या शिरा म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स. आईला असतील तर मुलीला होण्याची शक्यता बरीच. गरोदरपण, वाढलेलं वजन, वय आणि तासन्‌तास एका जागी उभं राहणं यांनी त्यात भर पडते. शिक्षिका, वाहतूक पोलीस, दिवसभर उभ्याने पोळ्या लाटणाऱ्या बायका आमच्या गिऱ्हाइकांत जास्त आहेत, ते यामुळेच.

संध्याकाळच्या मापात काय बिघडतं

दिवसभर पाय खाली राहिले की ज्यांच्या शिरा कमजोर आहेत त्यांच्या घोट्याला सूज येते. सकाळी घोट्याचा घेर २३ सेंटिमीटर असेल तर संध्याकाळी तो २५ भरू शकतो. पाहणाऱ्याला फरक कळतही नाही, पण एवढ्या फरकाने साइज बदलतो.

आता स्टॉकिंग काम कसं करतं ते पाहा. त्याचा दाब घोट्याशी सगळ्यात जास्त असतो आणि वर जाताना कमी कमी होत जातो. सगळा उपयोग या उतरत्या दाबात आहे. सुजलेल्या पायाच्या मापाने घेतलेलं स्टॉकिंग दुसऱ्या दिवशी सकाळी, सूज उतरलेल्या पायाला घोट्याशीच ढिलं बसतं. जिथे दाब हवा नेमका तिथेच नाही! मग ते खाली सरकतं, घोट्याच्या पुढे त्याच्या वळ्या जमतात आणि त्या वळ्या कातडीत रुततात. आमच्याकडे परत आलेल्या पायांवर लाल, उठलेला आडवा वळ आम्ही पाहतो. “तुमचे मोजे रुततात, घट्ट आहेत,” अशी तक्रार असते. प्रत्यक्षात मोजा मोठा झालेला असतो.

काही जण सरकणाऱ्या मोज्याची वरची कड दुमडून ठेवतात. कृपा करून हे करू नका. दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होतो, गुडघ्याखाली आवळपट्टी बांधल्यासारखं होऊन रक्त खालीच अडतं आणि सूज वाढते. स्टॉकिंग न घातलेलं परवडलं.

एकदा घातलेलं स्टॉकिंग आम्ही बदलून देत नाही. ते कातडीला लागलेलं असतं आणि दुसऱ्याला देता येत नाही, हे आपल्यालाही पटेल. त्यामुळे चुकीच्या मापाचे पैसे आपलेच वाया जातात आणि फेरीही परत पडते. चपलेच्या नंबरावरून, वजनावरून किंवा “मीडियम द्या” म्हटल्यावर आम्ही माल देत नाही, त्यामागे हेच कारण आहे. फोटो पाहून घरपोच मागवलेली जोडी स्वस्त मिळते, मान्य. पण तिथे आपल्या घोट्याला कुणी टेप लावलेली नसते.

घरी माप कसं घ्यायचं

अंथरुणातून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत घ्या. शिंप्याची टेप घ्या आणि सेंटिमीटरची बाजू वापरा. उभे राहा, माप दुसऱ्याला घ्यायला सांगा, कारण स्वतः वाकलं की पोटरीचा आकार बदलतो. घोट्याच्या हाडाच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक आहे तिथला घेर आणि पोटरीचा सगळ्यात जाड घेर मोजा. मग गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खालपासून जमिनीपर्यंतची लांबी मोजा. मांडीपर्यंतचं स्टॉकिंग सांगितलं असेल तर जांघेच्या चार बोटं खाली मांडीचा घेरही लागतो आणि लांबी तिथपासून. टेप कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको. दोन्ही पायांची मापं वेगळी लिहा, पुष्कळदा ती सारखी नसतात.

लांबून आलेल्यांनी परतीची गाडी चुकवायची गरज नाही. दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, मोबाइल नंबर द्या, मापांचा छापील तक्ता घेऊन जा. दुसऱ्या दिवशी सकाळी मापं व्हॉट्सॲपवर पाठवली की आम्ही पडताळून कुरिअर करतो. काही शंका वाटली तर फोन करून परत मोजायला सांगतो. त्याचा कंटाळा करू नका.

स्टॉकिंगने काय होतं, काय होत नाही

“सहा महिने घातले, शिरा गेल्या नाहीत,” असं ऐकायला मिळतं. दिसायला लागलेली शीर स्टॉकिंगने पुसली जात नाही. जडपणा, ठणका आणि सूज कमी होते, त्रास वाढण्याला आळा बसतो. कातडीवर दिसणारी शिरांची जाळी घालवायची असेल तर त्याचा इलाज त्वचारोगतज्ज्ञ किंवा शिरांचे सर्जन करतात. पायाच्या बारीक शिरांसाठी बहुधा स्क्लेरोथेरपी होते. पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध अगदी बारीक सुईने शिरेत सोडतात, शीर आतून चिकटते आणि शरीर ती हळूहळू शोषून घेतं. फरक दिसायला बारीक शिरांना साधारण ३ ते ६ आठवडे लागतात, कधी दोन-तीन वेळा करावं लागतं, तपकिरी डाग काही महिने राहू शकतात. आतल्या मोठ्या शिरेच्या झडपा खराब असतील तर आधी डॉपलर सोनोग्राफी (शिरेतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी तपासणी) करून तिचा इलाज करतात, नाहीतर वरची जाळी पुन्हा येते. गरोदरपणात आलेल्या रेषा बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याचदा आपोआप फिक्या होतात. घाई करू नका.

चेहऱ्यावरच्या लाल रेषांना स्टॉकिंगचा संबंध नाही, तरी बायका विचारतात म्हणून सांगतो. गोरं होण्यासाठी म्हणून महिनोन्‌महिने लावलेलं स्टेरॉइडचं मलम हे त्याचं एक नेहमीचं कारण आहे. ते डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे बंद करा आणि उन्हापासून चेहरा जपा.

ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात घातलेले पांढरे मोजे घरी वापरू नका. ते अंथरुणावर पडून असलेल्या पेशंटच्या पायात गुठळी होऊ नये म्हणून असतात. हिंडत्या-फिरत्या माणसाला त्यांचा दाब पुरत नाही.

मधुमेह असेल, पाय गार पडत असतील, थोडं चाललं की पोटरीत पेटका येऊन थांबावं लागत असेल तर आधी डॉक्टरांकडून पायाची नाडी तपासून घ्या. पायाकडे जाणारं रक्तच कमी असेल तर स्टॉकिंगच्या दाबाने इजा होते. क्लास २ आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही, कुणी कितीही ओळखीचं असो. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, गरम लागला तर आमच्याकडे न येता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत दम लागत असेल तर थेट मोठं हॉस्पिटल.

घालताना, धुताना

सकाळी घालायचं, रात्री झोपताना काढायचं. जोडवी आणि पैंजण आधी काढा, जोडव्याच्या टोकाने धागा ओढला की स्टॉकिंग तिथून उसवत जातं. टाचेच्या भेगाही तेच करतात. तेल किंवा क्रीम रात्री लावा, सकाळी नको. स्टॉकिंग टाचेपर्यंत उलटं करून पाऊल घाला, टाच टाचेत नीट बसवा, मग रबरी हातमोजे घालून तळहाताने वर सारत न्या. नखांनी ओढू नका. हातमोज्यांची जोडी आम्ही पहिल्या खरेदीवर देतो.

रोज कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा, इस्त्री नको. दोन जोड्या आलटून पालटून वापरल्या तर दोन्ही टिकतात. रोजच्या वापरात साधारण सहा महिन्यांनी दाब कमी होतो. वर चढवायला फारच सोपं वाटू लागलं की नवं घ्यायची वेळ झाली असं समजा आणि तेव्हा माप पुन्हा द्या, वजनाबरोबर पायही बदलतो.

दुकानात माप सकाळी उघडल्यापासून ११ पर्यंत घेतो, त्याचे पैसे नाहीत. बायकांचं माप घ्यायला बाई आहे, पडद्याआड घेते. सैल सलवार किंवा साडी नेसून या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी विसरू नका.