डोळा ओळखणारं यंत्र आणि ०.३२ चा उंबरठा

'आधारसाठी रेटिना स्कॅन करतात' असं बातम्यांत अजूनही सर्रास छापून येतं. रेटिना म्हणजे दृष्टिपटल. ते डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला असतं. आधारचं यंत्र टिपतं ती परितारिका, बाहुलीभोवतीचं रंगीत कडं. स्पीलबर्गच्या 'मायनॉरिटी रिपोर्ट' (२००२) या चित्रपटात २०५४ सालच्या वॉशिंग्टनमधले जाहिरातफलक डोळे वाचून माणसाला नावानं हाक मारतात, पोलिसांचे कोळ्यासारखे यंत्रमानव घरोघरी शिरून डोळे तपासतात आणि फरारी नायक डोळेच बदलून घेतो. पण डोळा 'जुळला' म्हणजे नेमकं काय झालं, हे चित्रपट सांगत नाही. खरी गंमत तिथेच आहे.

या तंत्राचा गणिती पाया केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी घातला. त्यांचं पेटंट १९९४ चं. फोटो ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात घेतात. आपल्यासारख्या गडद तपकिरी डोळ्यांतलं मेलॅनिन दृश्य प्रकाश शोषून घेतं आणि नक्षी दिसत नाही. अवरक्तात मात्र तंतू आणि खळगे स्पष्ट उमटतात. परितारिका जेमतेम १२ मिलिमीटर रुंद, आणि फोटोत ती निदान १४० पिक्सेल तरी भरावी लागते. रस्त्यावरच्या फलकाला म्हणूनच हे जड जातं: चालत्या माणसाचा डोळा फोकसमध्ये टिकत नाही आणि डोळ्याला इजा होईल इतका प्रकाश वाढवता येत नाही.

बाहुली सतत लहानमोठी होते. म्हणून नक्षीतल्या बिंदूची जागा मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत. बाहुलीची कड ० आणि परितारिकेची बाहेरची कड १ धरून, त्यांच्यामधला अपूर्णांक घेतात. मग गॅबर तरंगिका, म्हणजे नक्षीतले गडद-फिके चढउतार मोजणारं गणिती साधन, लावून १,०२४ मोजमापं घेतात. प्रत्येकातून तीव्रता टाकून द्यायची आणि कला (फेज), म्हणजे तरंग आपल्या चढउताराच्या चक्रात कुठे आहे ते, चारांपैकी कोणत्या चतुर्थांशात पडते तेवढंच ठेवायचं. प्रत्येकी दोन बिट, एकूण २,०४८ बिट. म्हणजे अवघे २५६ बाइट. उजेड कमीजास्त झाला तरी कला फारशी हलत नाही, म्हणून ही निवड. पापणीखाली किंवा चकाकीत गेलेले बिट बाद करतात.

अशा २,०४८ बिटांच्या दोन संकेतांतले किती बिट वेगळे आहेत, तो अंश म्हणजे हॅमिंग अंतर. दोन परक्या डोळ्यांत ते नाणेफेकीसारखं ०.५ च्या आसपास येतं. जुळ्या भावंडांचे, इतकंच काय एकाच माणसाचे डावे-उजवे डोळेही परकेच ठरतात. बिट एकमेकांवर अवलंबून असल्यानं खऱ्या स्वतंत्र 'फेकी' सुमारे २४९. अंतर ०.३२ या उंबरठ्याखाली आलं की डोळा 'जुळला' असं धरतात; परक्या डोळ्यांत ते योगायोगानं तितकं खाली येण्याची शक्यता २.६ कोटींत एक.

'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावरची हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी शरबत गुला, तिचा १९८४ चा प्रसिद्ध फोटो आणि २००२ चे फोटो डॉगमन यांनी असेच ताडले. डाव्या डोळ्याचं अंतर ०.२४ आलं, उजव्याचं ०.३१. 'बुबुळावरून रोगनिदान' करणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत: आजारपणागणिक नक्षी बदलत असती, तर अठरा वर्षांनी डोळे जुळलेच नसते. १९७९ मध्ये १४३ जणांवर घेतलेल्या चाचणीत या मंडळींना मूत्रपिंडाचे रुग्ण ओळखता आले नव्हते.

आता यंत्रकोळ्यांकडे या. एक कोटी नोंदींच्या शहरात एक डोळा सगळ्यांशी ताडला, तर ०.३२ च्या उंबरठ्यावर दर तीन शोधांमागे साधारण एकदा भलताच माणूस सापडेल. उंबरठा ०.२६ वर आणला की ही शक्यता नगण्य होते, पण मग शरबत गुलाचा उजवा डोळाही नाकारला जातो. रेशन दुकानात आधार क्रमांक आधी दिलेला असतो, तुलना एकाच नोंदीशी होते. तिथे ही अडचण नाही. नव्या नोंदणीच्या वेळी मात्र सगळ्यांशी ताडावं लागतं. म्हणून तर २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभलीत पहिले आधार क्रमांक वाटले गेले, त्या योजनेत दोन्ही डोळे आणि दहाही बोटं घेतात.

राहिला काढून ठेवलेला डोळा. पारपटल, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, हळूहळू गढूळ होतं, बाहुली प्रकाशाला दाद देत नाही आणि जिवंतपणा तपासणारं यंत्र तिथेच अडवतं. चित्रपटात नायकाच्या जुन्या डोळ्यांनी पोलीस मुख्यालयाचं दार उघडतं, तिथे जुळणी मात्र बरोबरच झाली आहे. दार उघडलं, कारण फरारी घोषित केलेल्या माणसाचं नाव प्रवेशाच्या यादीतून कुणी काढलेलंच नव्हतं.