ओडियन सर्कलची चिनी कमान, बँकॉक

बँकॉकच्या चायनाटाउनमधल्या याओवारात रोडच्या पूर्वेकडच्या टोकाला ओडियन सर्कल आहे (जुन्या ओडियन थिएटरवरून पडलेलं नाव), तिथे ही कमान उभी आहे. १९९९ साली थायलंडचे तेव्हाचे राजे भूमिबोल ७२ वर्षांचे झाले तेव्हा थायी-चिनी समाजाने पैसे जमवून ती बांधली. ७२च का, तर बारा-बारा वर्षांची सहा चक्रं पूर्ण झाली म्हणून. बारा प्राण्यांच्या वर्षांचा हा हिशेब चिनी लोकांत आहे तसाच थायी लोकांतही आहे, त्यामुळे निमित्त दोघांनाही आपलंच वाटणारं.

लांबून बघितलं तर सगळा मामला चिनी, लाल खांब, एकावर एक चढवलेली छपरं, ड्रॅगन. चीनमध्ये अशा कमानीला पायफांग म्हणतात, तिला दारं नसतात. इथे ती सर्कलच्या मधोमध असल्याने गाड्या वळसा घालून जातात आणि खालून जातात ते फक्त पायी फिरणारे. पण जवळ जाऊन वर बघितलं की खरी गंमत कळते. एका बाजूला थाई लिपी आहे, दुसऱ्या बाजूला राजाला अखंड आयुष्य चिंतणारी चार चिनी अक्षरं, आणि ती लिहिलीत खुद्द राजकन्या सिरिंधोर्न यांनी, म्हणजे राजघराण्यातल्या मुलीने वडिलांसाठी चिनीत केलेलं अभीष्टचिंतन! माझ्या मते अख्ख्या कमानीत बघण्यासारखं हेच आहे, ड्रॅगन काय कुठल्याही चायनाटाउनात मिळतात.

हे इतकं सहज घडलेलं नाही. १७८२ मध्ये बँकॉक राजधानी झाली तेव्हा राजवाड्याच्या जागेवर राहणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांना उठवून सांपेंग या भागात पाठवलं, तिथूनच हे चायनाटाउन वाढलं, लोक बहुतेक तेओच्यू ही दक्षिण चीनमधली बोली बोलणारे. पुढे १९३०-४०च्या काळात पंतप्रधान फिबून यांच्या सरकारने चिनी शाळांवर बंधनं घातली, बऱ्याच बंद पाडल्या, आणि नंतर हळूहळू अनेक घरांनी चिनी आडनावं सोडून लांबलचक थायी आडनावं घेतली. त्याच समाजाने भर रस्त्यात चिनी अक्षरांची कमान उभी करायची आणि ती राजनिष्ठा म्हणून मिरवायची, हा बदल मोठाच आहे.

कमानीजवळच वाट त्राइमित आहे, साडेपाच टन सोन्याच्या बुद्धमूर्तीचं देऊळ, टुरिस्टांची गर्दी खरं तर तिच्यासाठीच असते. चिनी नववर्षाला मात्र कमान आणि याओवारात रोड दोन्ही गजबजतात. २०१९ ला सुरू झालेल्या वाट मांगकोन मेट्रो स्टेशनच्या सजावटीतही ड्रॅगन आहेच.