वरचे फोड काढले तरी परत का येतात? लिम्फँजिओमाची मागची गोष्ट

काखेत, खांद्यावर किंवा मांडीवर बारीक बारीक पाण्याच्या फोडांचा पुंजका, अगदी बेडकाच्या अंड्यांसारखा दिसतो, काही फोड पारदर्शक तर काही आत रक्त मिसळल्यामुळे काळपट लाल, आणि कपडा घासला की चिकट पाणी पाझरायला लागतं. हा लिम्फँजिओमा सर्कमस्क्रिप्टम. कॅन्सर नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही, पण बऱ्याचदा चामखीळ किंवा नागीण समजून पेशंट कितीतरी दिवस मलमंच लावत बसतो, याचं खूप वाईट वाटतं.

1879 मध्ये टिलबरी फॉक्स आणि त्यांचा धाकटा भाऊ कोलकॉट फॉक्स यांनी लंडनमध्ये अशा एका केसची नोंद केली, आजचं नाव 1889 मध्ये माल्कम मॉरिस यांनी दिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तेच चालू, फोड जाळा, कापा, आणि काही महिन्यांत ते पुन्हा हजर.

खरं कोडं सुटलं 1976 मध्ये. व्हिम्स्टर नावाच्या पॅथॉलॉजिस्टने दाखवलं की मूळ आजार कातडीवर नाहीच, तो खाली चरबीच्या थरात आहे. तिथे लिम्फच्या, म्हणजे पेशींभोवतून गोळा होऊन वेगळ्या बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाच्या, मोठ्या पिशव्या असतात, नेहमीच्या लिम्फच्या जाळ्याशी न जोडलेल्या, त्यांच्या भिंतीला जाड स्नायू, तो आकुंचन पावला की आतलं पाणी वर ढकललं जातं आणि कातडीवर फोड येतात. म्हणजे नळ खाली चालू आणि आपण वरची फरशी पुसतोय! म्हणूनच आता सर्जरीआधी एमआरआय करून खोली बघतात, आणि निदान पक्कं करायला बायोप्सीत डी2-40 हा स्टेन, म्हणजे लिम्फच्या नळ्यांच्या पेशी ओळखून दाखवणारा रंग, लावतात.

एक लक्षात ठेवा, गर्भाशयमुखाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशन-रेडिएशननंतर काही वर्षांनीसुद्धा असे फोड येऊ शकतात, कारण लिम्फची वाट अडलेली असते. त्यामुळे डॉक्टरांना जुनी हिस्ट्री सांगाच.

उपचारात लेझर आणि सर्जरी आहेच, शिवाय ब्लिओमायसिनची इंजेक्शनं, आणि अलीकडे सिरोलिमस. हे औषध ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूंपासून मिळालं, ते शोधणारे आपल्याकडचेच सुरेन सेहगल, ते काम करत होते ती कॅनडातल्या माँट्रियलची लॅब बंद झाली तेव्हा त्यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. 1999 मध्ये हे औषध अमेरिकेत किडनी ट्रान्सप्लांटसाठी मंजूर झालं, आणि आता त्याच्या गोळीने किंवा जेलने बऱ्याच जणांचं पाझरणं कमी होतंय, फक्त औषध थांबवलं की काहींना फोड परत येतात.