जोन्स बोका कोणावर फिस्कारला?

रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटात ब्रेट नावाचा तंत्रज्ञ निसटलेल्या बोक्याला हाका मारत अंतराळयानाच्या तळघरासारख्या भागात एकटाच शिरतो. वरून पाणी ठिबकतंय, साखळ्या लोंबतायत. जोन्स सापडतो, पण जवळ यायचं सोडून दात विचकून फिस्कारतो. त्याची नजर असते ब्रेटच्या पाठीमागे, वरून सावकाश उतरणाऱ्या परग्रहावरच्या हिंस्र प्राण्यावर.

हे फिस्कारणं अस्सल होतं. मांजराला अभिनय शिकवण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. त्याच्यासमोर आडोसा उभा केला, आडोशामागे जर्मन शेफर्ड कुत्रा ठेवला आणि ऐन वेळी आडोसा काढून घेतला.

हीच युक्ती हार्वर्डमधल्या वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने जवळपास सत्तर वर्षं आधी वापरली होती, तीही मांजरावरच. १९११ साली त्याने आणि डॅनियल द ला पाझने शांत बसलेल्या मांजराचं रक्त अधिवृक्क ग्रंथींजवळच्या (मूत्रपिंडांच्या वर असणाऱ्या ॲड्रेनल ग्रंथींजवळच्या) मोठ्या शिरेतून काढलं. मग त्याच्यावर कुत्रा भुंकवला आणि पुन्हा रक्त घेतलं. तपासणीसाठी आतड्याच्या स्नायूची एक पट्टी टांगलेली होती. ही पट्टी ठरावीक लयीत आकसत-सैलावत राहते. शांत मांजराचं रक्त लावलं तर लय चालूच राहायची. घाबरलेल्या मांजराचं रक्त लागताच पट्टी सैल पडून थांबायची. अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या मांजराला कितीही घाबरवलं, तरी त्याच्या रक्ताने पट्टीवर काही परिणाम होत नसे. भीतीचं रसायन, म्हणजे ॲड्रेनलिन, कुठून येतं ते यातून उघड झालं. (आजच्या नैतिक समितीने या प्रयोगाला परवानगी देताना बरेच प्रश्न विचारले असते. चित्रीकरणालाही विचारले असते म्हणा.)

भीतीने मांजराच्या अंगावरचे केस उभे राहतात, यकृतातली साखर रक्तात उतरते, पचन थंडावतं. डोळ्यांच्या बाहुल्या तर विलक्षण फैलावतात: मांजराच्या उभ्या फटीसारख्या बाहुलीचं क्षेत्रफळ सुमारे १३५ पट बदलू शकतं, माणसाचं जेमतेम १५ पट. म्हणून कॅमेरा मांजराच्या चेहऱ्यावर गेला की भीती आपल्याला लगेच दिसते.

पण जोन्सचं खरं काम मला त्याआधीच्या प्रसंगात दिसतं. हालचाल टिपणारं यंत्र इशारा देतं, सगळे श्वास रोखून एक कप्पा उघडतात आणि आतून बोका उसळतो. प्रेक्षक दचकतो. दचकणं ही मेंदूच्या देठातून होणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मोठा आवाज झाल्यावर पापणी मिटू लागायला सेकंदाचा विसावा भागही पुरतो. ॲड्रेनलिन मागाहून येतं आणि काही मिनिटं रक्तात रेंगाळतं. ‘हात्तिच्या, मांजर होय!’ म्हणून आपण हसतो, पण छाती अजून धडधडत असते. तेवढ्यात ब्रेटला बोका पकडायला एकट्याला पाठवलेलं असतं. खोटा दचका देऊन दिग्दर्शकाने आपल्याला खऱ्यासाठी तापवून ठेवलेलं असतं.

ब्रेटवर हल्ला होतो तेव्हा जोन्स नुसता बघत बसतो. तो निर्दय आहे, असं गमतीने म्हटलं जातं. बिचाऱ्यावर हा अन्याय आहे. लढा किंवा पळा याखेरीज भ्यालेल्या जनावराकडे तिसरा मार्ग असतो, जागच्या जागी गोठून राहण्याचा. शिकाऱ्याची नजर हालचालीवर जाते. अजून आपल्याकडे लक्ष गेलेलं नसेल, तर न हलणंच शहाणपणाचं. यानावरच्या सात जणांपैकी शेवटी रिप्ली तेवढी वाचते, आणि तिच्याबरोबर हा बोका.