ऑफ-व्हाइट की क्रीम? थंडीतल्या निवांत पेहरावासाठी दोन शर्टांमधला फरक

मेन रोडवरच्या कापडाच्या दुकानात 'ऑफ-व्हाइट शर्ट दाखवा' म्हटलं की काउंटरवर सात-आठ शर्ट येऊन पडतात आणि त्यांत दोन-तीन तरी क्रीम निघतात. यात फसवणूक नसते. पांढऱ्याच्या अलीकडचं जे काही असेल त्याला सरसकट ऑफ-व्हाइट म्हणायची सवय आपल्याला लागली आहे, एवढंच. जुन्या माणसांकडे यासाठी नेमके शब्द होते: मोतिया, हस्तिदंती, सायीचा, कोरा. ते बोलण्यातून गेले आणि चार वेगवेगळ्या छटा एकाच नावाखाली कोंबल्या गेल्या. वेबवरच्या ठरावीक रंगनावांत 'आयव्हरी', 'लिनन', 'ओल्ड लेस' आहेत, पण 'ऑफ-व्हाइट' आणि 'क्रीम' ही नावं तिथेही नाहीत. म्हणून ऑनलाइन मागवताना एका ब्रँडचा ऑफ-व्हाइट दुसऱ्याच्या क्रीमपेक्षा गडद निघू शकतो.

ऑफ-व्हाइट हा पांढराच असतो, फक्त त्यातला निळसर झळाळ काढलेला. त्यात राखाडी, पिवळी किंवा किंचित गुलाबी झाक असते, पण ती इतकी पुसट की बोट ठेवून दाखवता येत नाही. क्रीममध्ये पिवळा उघड दिसतो, तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखा. लहान मुलाला रंग विचारला तर ऑफ-व्हाइटला ते बेधडक 'पांढरा' म्हणेल, क्रीमपाशी अडखळेल. ही कसोटी पुरेशी आहे.

दुकानातल्या उजेडात मात्र दोन्ही एकसारखे दिसतात. तिथल्या पांढऱ्या एलईडी ट्यूबचा उजेड थोडा निळा असतो, तो क्रीममधला पिवळा खाऊन टाकतो. उलट घरातल्या पिवळ्या बल्बखाली चांगला ऑफ-व्हाइटही क्रीम वाटतो. म्हणून शर्ट घेऊन दाराशी, दिवसाउजेडी, पण थेट उन्हात नाही अशा जागी यायचं आणि त्याच्याखाली झेरॉक्सचा कोरा कागद धरायचा. या कागदात चमक आणणारं रसायन असतं, ते उजेडातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं. त्यामुळे कागद शर्टाची छटा लगेच उघडी पाडतो: ऑफ-व्हाइट त्याच्यापुढे शांत पांढरा वाटतो, क्रीम सरळ पिवळा. घरच्यांना फोटो पाठवून विचारणार असाल तर फोटोतही तो कागद येऊ द्या. फोनचा कॅमेरा रंगाचा तोल स्वतःच बदलतो, आणि नुसत्या शर्टाच्या फोटोवरून कोणालाच काही सांगता येत नाही.

शेजारी कोण आहे, ते बघा

ऑफ-व्हाइट शर्ट चांगला दिसेल की नाही, हे त्याच्या शेजारच्या कपड्यावर ठरतं. या दोन्ही रंगांचा खरा शत्रू शुभ्र पांढरा. क्रीम शर्टाखाली नवे पांढरेफटक स्नीकर घातले की बघणाऱ्याच्या डोक्यात एकच विचार येतो: शर्ट जुना होऊन पिवळा पडलाय. ऑफ-व्हाइटवर तोच प्रसंग गळ्यापाशी येतो. वरचं बटण उघडं, आत नीळ घातलेलं पांढरं बनियन, आणि त्याच्यापुढे शर्ट न धुतल्यासारखा दिसतो. शिवाय पातळ कापडातून पांढऱ्या बनियनच्या कडा आरपार दिसतात. आत अंगाच्या रंगाशी मिळतं किंवा फिकट राखाडी बनियन घाला. ते दिसतच नाही. बूट तपकिरी, टॅन किंवा मळकट पांढऱ्या कॅनव्हासचे. टॅन कोल्हापुरी दोन्ही शर्टांवर खुलते.

इथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ऑफ-व्हाइट जवळपास कोणाशीही जमवून घेतो: नेव्ही, राखाडी, कोळशाचा रंग, काळा, ऑलिव्ह, सगळ्या छटांची डेनिम. क्रीमला सोबतही उबदार लागते: चॉकलेटी, गंजाचा रंग, मरून, ऑलिव्ह, गडद इंडिगो. फिकट राखाडी पँटवर क्रीम शर्ट घालू नका. राखाडीतली थंड झाक क्रीमचा पिवळा ओढून वर आणते आणि दोन्ही कपडे आजारी दिसतात. क्रीम आणि काळा चालतं, पण ते जेवणाच्या समारंभाला शोभणारं. निवांत पेहरावात त्याची धार जास्त वाटते. खाकीबद्दल सावध राहा. क्रीम शर्ट आणि फिकट खाकी पँट यांच्यात इतकं थोडं अंतर असतं की लांबून गणवेश वाटतो. पँट निदान तीन-चार छटा गडद असली पाहिजे.

चेहऱ्याबाबत एवढंच: सावळ्या आणि गव्हाळ रंगावर दोन्ही शोभतात. पिवळसर गोऱ्या कांतीवर क्रीम चेहऱ्यात मिसळून जातो, तिथे ऑफ-व्हाइट बरा.

उबेचा रंग कापडातून येतो

पॉपलिनचा गुळगुळीत ऑफ-व्हाइट शर्ट ऑफिसचाच वाटतो, तो कितीही सैल घातला तरी. ऊब डोळ्यांना दिसते ती पोतामुळे. साधारण १४० ते १७० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) ऑक्सफर्ड कापड ऑफ-व्हाइटला सर्वांत चांगलं: विणीचे बारीक ठिपके उजेड पसरवतात आणि रंग सपाट राहत नाही. स्लब सुती किंवा हातमागाची खादी यांत जाड-बारीक सूत असल्याने तोच गुण मिळतो. फ्लॅनेलवरची लव ऑफ-व्हाइटला खरोखर मऊ दिसू देते, पण बाह्यांच्या घडीत आणि बगलेत तिच्या गोळ्या लवकर धरतात. घेताना कापड अंगठ्याने वीसेक वेळा घासून बघा. कॉर्डरॉय मात्र क्रीमचं. त्याच्या उभ्या रेघांमध्ये सावली पडते, आणि ती सावली क्रीममध्ये मधाळ दिसते, तर ऑफ-व्हाइटमध्ये धूळ बसल्यासारखी. शर्टासाठी इंचाला १४ ते १६ रेघांचं बारीक कॉर्डरॉय, वरून जॅकेटसारखा घालायचा असेल तर ८ ते ११ रेघांचं.

कोरं सुती कापड ही तिसरीच गोष्ट आहे. ते रंगवलेलं नसतं, ब्लीचही केलेलं नसतं. कापसाचा मूळ रंग आणि सरकीचे बारीक तपकिरी ठिपके त्यात तसेच राहतात. मालेगावच्या यंत्रमागांवरून कोरं कापड निघतं, मांजरपाटही याच जातीचा. नवा असताना असा शर्ट क्रीमकडे झुकतो, पण धुण्यांनी आणि उन्हाने हळूहळू उजळत ऑफ-व्हाइटकडे येतो. म्हणजे आज त्याच्यासाठी घेतलेली पँट वर्षाने वेगळी दिसेल. ऑलिव्ह किंवा इंडिगो घेतली तर दोन्ही अवस्थांत जुळते.

शिवून घेणार असाल तर पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) १.६० मीटर, ३६ इंच पन्ह्याचं साधारण २.२५ ते २.५० मीटर कापड लागतं. खादी आणि कोरं कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाह्या आखूड होतात. शिंप्याला तीन गोष्टी आवर्जून सांगा. कॉलरमध्ये शुभ्र पांढरं बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं आतलं कापड, घालू नये. पातळ क्रीम कापडातून ते चमकतं आणि कॉलर बाकी शर्टापेक्षा पांढरी दिसते. दोरा कापडाशी ताडून घ्यावा, कारण पांढऱ्या दोऱ्याची वरची शिलाई क्रीमवर आखल्यासारखी उठते. आणि बटणं: ऑफ-व्हाइटला शिंपल्याची किंवा तशी दिसणारी, क्रीमला करवंटीची तपकिरी. दुकानात बहुधा पांढरी प्लॅस्टिकचीच लावून मिळतात, पण बटणं बदलण्याचा खर्च नगण्य आणि त्याने शर्ट सुधारतो तेवढा दुसऱ्या कशाने सुधारत नाही.

नाशिकच्या थंडीत

जानेवारीत इथे पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, निफाडकडे आणखी खाली, आणि दुपारी २८-२९ पर्यंत चढतो. म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा काढता येणारे दोन-तीन थर बरे. सकाळी ऑफ-व्हाइट ऑक्सफर्ड, त्यावर कोळशाच्या रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर, खाली गडद डेनिम. दुचाकीवर असाल तर वरून नेव्ही विंडचीटर. स्वेटरचा गळा व्ही असू द्या म्हणजे कॉलर आणि वरची दोन बटणं दिसतात. गंगापूर धरणाच्या काठावर दुपारी उन्हात बसायचं असेल तर स्वेटर काढून शर्टाच्या बाह्या कोपराच्या खाली दोन घड्या घालून ठेवा. कफच्या रुंदीची पहिली घडी, दुसरी तिच्या निम्मी. क्रीम कॉर्डरॉय संध्याकाळचा: आत चॉकलेटी किंवा मरून टी-शर्ट, बटणं उघडी, खाली इंडिगो जीन्स. पिवळ्या दिव्यांखाली क्रीम खुलतो, आणि ऑफ-व्हाइट तसाही क्रीमच दिसतो.

बाहेर सोडायच्या शर्टाची लांबी पुढून पँटच्या चेनच्या मध्यापर्यंत असावी. त्याखाली गेला तर फिकट रंगामुळे माणूस बुटका दिसतो, आणि क्रीममध्ये तर तो नाइटशर्ट वाटू लागतो.

नव्या इंडिगो जीन्सचा धोका खरा आहे. तिचा रंग घासल्याने सुटतो, आणि शर्टाचा खालचा घेर, कफच्या कडा निळ्या होतात. जीन्स उलटी करून थंड पाण्यात दोन-तीनदा वेगळी धुवा, आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग लागत नाही हे बघितल्यावरच फिकट शर्टाशी जोडी करा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने हा रंग पक्का होत नाही.

धुण्यात दोघांची गाठ पडते

घरोघरी होणारी चूक म्हणजे ऑफ-व्हाइट शर्ट 'पांढऱ्या कपड्यांत' टाकणं. त्या बादलीत नीळ असते. शुभ्र कापडावर नीळ पिवळेपणा झाकते. ऑफ-व्हाइटची उबदार झाक मात्र तिच्यामुळे मरते आणि शर्ट राखाडी होतो. क्रीमवर तर हिरवट छटा येते. 'जास्त शुभ्र' करणाऱ्या पावडरींमध्ये कागदातलीच ती चमक असते, पाच-सहा धुण्यांत ऑफ-व्हाइट नुसता स्वस्त पांढरा होऊन बसतो. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं साधं द्रव साबण वापरा, पाणी गार, शर्ट उलटा, वाळवण सावलीत. क्लोरीनचं ब्लीच दोन्हींवर नको. खळ किंवा स्टार्चही नको, त्याने मऊपणा जातो आणि तापलेल्या इस्त्रीखाली तोच स्टार्च पिवळा पडतो. निवांत शर्टाला कॉलर, कफ आणि बटणपट्टीपुरती इस्त्री पुरे.

मळखाऊ कोणता, याचं उत्तर मळावर अवलंबून आहे. घामाचा आणि डिओडरंटचा पिवळटपणा क्रीममध्ये लपतो, ऑफ-व्हाइटवर कॉलरच्या घडीत आधी दिसतो. रस्त्याची राखाडी धूळ याच्या उलट: ऑफ-व्हाइट ती सोसून घेतो, क्रीमवर ती काळपट बसते. कॉलरला आतून द्रव साबण लावून दहा मिनिटं ठेवायची सवय दोन्हींना हवी.

आता थंडीतल्या सकाळचा मुख्य प्रश्न, मिसळीचा. रश्श्याचा थेंब उडाला तर चोळू नका. चमच्याच्या कडेने वरचं उचला, टिश्यू दाबून तेल टिपा. तर्रीचा लाल रंग तेलात विरघळलेला असतो, म्हणून घरी आल्यावर पाण्याआधी भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब कोरड्या डागावर, बोटाने हलकं पसरून दहा मिनिटं, मग गार पाणी. तेल गेल्यावर मागे हळद उरते. कपड्याच्या साबणाने ती एकदम लाल होते. घाबरण्याचं कारण नाही, साबणाच्या अल्कलीत हळदीतलं कर्क्युमिन लाल होतं आणि साबण निघाला की पुन्हा पिवळं. गरम पाणी आणि इस्त्री या टप्प्यावर टाळा, डाग जास्त चिवट होतो. कर्क्युमिन उन्हात विरतं, म्हणून एवढ्या एका वेळी सावलीचा नियम मोडून ओला शर्ट डागाची बाजू वर करून दोन-तीन तास उन्हात घाला, गरज पडल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा. क्रीम शर्ट रंगवलेला असतो, तेव्हा डागापुरता भाग उघडा ठेवून बाकीचा फडक्याखाली झाका. एवढं करूनही हळदीची जी अगदी पुसट सावली राहते ती क्रीममध्ये दिसत नाही, ऑफ-व्हाइटवर दिसते. मिसळीला जाताना क्रीम घाला.