काउआई बेटावरची बहात्तर मुलं

हवाई बेटांपैकी काउआई हे एक छोटं बेट. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी मुलं चाळिशीला पोचेपर्यंत काढला. मूळ हवाईयन, शिवाय ऊस-अननसाच्या मळ्यांवर राबायला जपान, फिलिपिन्स, पोर्तुगालमधून आलेल्यांची ही पुढची पिढी.

यातल्या २०१ मुलांच्या वाट्याला दोन वर्षांची होण्याआधीच चार किंवा अधिक संकटं आली होती: गरिबी, अवघड बाळंतपण, घरातली भांडणं, आईबापांचं व्यसन किंवा मानसिक आजार. अठराव्या वर्षापर्यंत त्यातली १२९ मुलं अडखळली. कुणी अभ्यासात मागे पडलं, कुणी पोलिसांच्या हाती लागलं, काही मुली अल्पवयातच आई झाल्या. यात नवल नाही. नवल उरलेल्या ७२ जणांचं. ती शिकली, कामाला लागली, माणसांत रमली.

त्यांच्यातली बरीच जण तान्हेपणीच हसरी, पटकन माया लावणारी होती. हा नशिबाचा भाग. पण प्रत्येकाला कुणीतरी एक माणूस घट्ट धरून होतं आणि ते आईवडीलच असायला हवेत असंही नव्हतं. आजी, मावशी, थोरली बहीण, शेजारीण, एखादे मास्तर. शिवाय अनेकांवर खऱ्या गरजेचं काम पडलेलं होतं: धाकट्या भावंडांना सांभाळणं, घर चालवायला हातभार लावणं. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दहावीचं वर्ष लागलं की आपण मुलाला पाण्याचा ग्लासही उचलू देत नाही. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हा अनुभवच त्याच्याकडून काढून घेतो.

ओझ्याखाली मात्र मूल दबतं. बळ येतं ते झेपेल एवढ्याच कामातून.

अडखळलेल्या १२९ जणांची गोष्टही अठराव्या वर्षी संपली नाही. तिशी-चाळिशीपर्यंत त्यातले बहुतेक सावरले, मुलग्यांपेक्षा मुली अधिक. कुणी नोकरी करता करता कॉलेजात परतलं, कुणी सैन्यात गेलं, कुणाला समजूतदार जोडीदार मिळाला, कुणाला प्रार्थनास्थळात आपली माणसं सापडली.

आणि त्या बहात्तर जणांना सगळं फुकट मिळालं असंही नाही. मोठेपणी त्यातल्या काहींनी आईवडिलांच्या घरापासून चार हात लांब राहणंच पसंत केलं.